खानविलकरांचा राष्ट्रीय दुखवटा

देशात दुखवटा जाहीर करायचा अधिकार सरकारला असतो, असं मला शाळेत शिकवलं होतं. शहाडला राहायला आल्यावर कळलं की तसं काही नाही. तो अधिकार आमच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या खानविलकर काकांना आहे. सरकार मागाहून जाहीर करतं. कधी कधी करतच नाही. काका करतात.

पद्धत अशी. कुणी मोठं माणूस जातं, किंवा कुठे बॉम्ब फुटतो, पूल कोसळतो. काका आधी टीव्हीवर एक चॅनल बघतात, मग दुसरं बघतात, मग जिना उतरून वाण्याच्या दुकानात रेडिओच्या बातम्या ऐकतात. तिन्ही जुळलं की वर येऊन पांढरा सदरा घालतात, लाकडी खोक्यातले दोन जुने स्पीकर गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून ठेवतात आणि सारंगीची कॅसेट लावतात. खाली नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळा आणि 'कुत्र्यांना खायला घालू नये' यांच्या मध्ये एक कागद लागतो : 'आज दुखवटा. सारंगी सकाळी व सायंकाळी. सहकार्य करावे.' सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. पण त्या दिवशी बायका मिक्सरसुद्धा जरा दबकत लावतात.

माझ्या वयाच्या लोकांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. पूर्वी देशातलं मोठं माणूस गेलं की रेडिओवरची सगळी गाणी बंद व्हायची आणि दिवसच्या दिवस नुसती सारंगी नाहीतर सनई वाजायची. बातमी सांगायच्या आधीच लोकांना सुरांवरून कळायचं. आता मोबाइलवर चिता जळताना दिसते आणि बोट सरकवलं की खाली कुणीतरी नाचत असतं.

"कुणीतरी लावायला हवी ना?" काका म्हणतात. "त्यांनी सोडलं म्हणून मीपण सोडू?"

काका आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. भोंगा देणं त्यांच्याकडे होतं. आख्खा कारखाना आपल्या आवाजावर जेवायला उठतो, ही गोष्ट माणसाच्या डोक्यात जाते. निवृत्तीनंतर ती उतरायला हवी होती. उतरली नाही.

दुखवट्याच्या त्यांच्या प्रती ठरलेल्या आहेत. पूर्ण, अर्धा आणि 'नुसता आलाप'. साध्या मंत्र्यांना आलाप. एकदा एक मोठ्या गायिका गेल्या तेव्हा काकांनी पूर्ण दुखवटा केला. त्याच महिन्यात कुठलेसे खासदार गेले, त्यांना आलाप. सोसायटीचे सेक्रेटरी चिडून वर गेले.

"गाणाऱ्या बाईला पूर्ण आणि आमच्या खासदारसाहेबांना आलाप? हा कुठला न्याय?"

"तुमच्या खासदारांना मी आंघोळ करताना एकदाही गुणगुणलं नाही," काका म्हणाले.

कुणी नेता अतिदक्षता विभागात असला की काका पेन्सिल घालून कॅसेट मागे फिरवत बसतात. मी एकदा म्हटलं, "काका, अहो जिवंत आहेत ते. तुम्ही वाट काय बघताय?" त्यावर ते दुखावल्यासारखे झाले. "मी वाट बघत नाही. मी तयारीत आहे. यात फरक आहे."

हसायला सोपं आहे. पण एकदा भर दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर एका बड्या नेत्याच्या मृत्यूची बातमी आली. आमच्या वॉर्डात तासाभरात श्रद्धांजलीचे बॅनर लागले, एकाने तर मुंडण करून फोटो टाकला. काकांची गॅलरी गप्प. सेक्रेटरींनी खालून हाक मारली, "काका, सारंगी?" काकांनी मान हलवली. "जुळत नाही." संध्याकाळी तो नेता टीव्हीवर चहा पिताना दिसला. मुंडण केलेला माणूस पुढे बरेच दिवस टोपी घालून फिरत होता. तेव्हापासून आमच्या भागात एक गोष्ट पक्की झाली : टीव्ही चुकेल, मोबाइल चुकेल, खानविलकर चुकणार नाही.

माझं आणि काकांचं भांडण मात्र वेगळं होतं, आणि ते मी सोडलेलं नाही.

मी संघटनेचं काम करते. म्हणजे पत्रकं लिहिते, ती स्टेशनबाहेर वाटते, आणि थोड्या वेळाने त्यांच्यातच बांधलेली भेळ लोक खाताना बघते. काका मला नावाने हाक मारत नाहीत. "काय पत्रक, आज कोणाचा निषेध?" असं विचारतात.

सीमेवर हल्ला झाला, जवान गेले, तेव्हा दोनच दिवसांत आमच्याकडे एक गाणं आलं. काढणारे दादूशेठ. दादूशेठ म्हणजे आमच्या वॉर्डाचे होऊ घातलेले नगरसेवक. माझ्या माहितीत ते कायम होऊ घातलेलेच आहेत. गाण्याला ढोल तोच, जो हळदीत वाजतो. कडव्यात शहीद, ध्रुवपदात दादूशेठ. व्हिडिओत जवानांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि दादूशेठ दोन्ही हात जोडून पडदाभर. माझं डोकं फिरलं. मी रातोरात पत्रक काढलं : 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे हे कोण?'

काकांनी ते चष्मा लावून वाचलं आणि लाल पेनने उद्गारचिन्हांभोवती गोल काढले. "ओरडतेस कोणावर? वाचणाऱ्यावर? त्याने काय केलंय?"

"मग गप्प बसू?"

"गप्प कशाला? पण मेलेल्यासाठी जे वाजवायचं त्यात शब्द नकोत. शब्द आले की नाव येतं. नाव आलं की फोटो येतो. सारंगीत फोटो घालून दाखवा म्हणावं."

इथे मी बिथरले. कारण मी ज्या घरातून येते तिथे नाव घेतल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. महापरिनिर्वाण दिनाला आमच्या आजीच्या वस्तीत बायका ढोलकीवर गातात. ते दुःखाचंच गाणं असतं आणि त्यात नाव पुन्हा पुन्हा येतं. ते नाव घेऊनच आमची माणसं ताठ उभी राहिली. आम्हाला कोणी सारंगी वाजवून दाखवली नव्हती. हे मी काकांना याच शब्दांत सुनावलं.

काकांनी लाल पेनला टोपण लावलं. "तुमच्याकडे माणूस मोठा होता, मग नाव टिकलं. दादूशेठकडे आधी नाव छापतात आणि माणूस नंतर शोधतात."

"आणि जो छोटा आहे त्याचं काय?"

"कोण छोटा?"

"जो कुठल्याच गाण्यात नाही आणि तुमच्या प्रतींमध्येपण नाही. त्याला आलापसुद्धा नाही ना?"

काकांनी चष्मा काढून पुसला. ते अडले की चष्मा पुसतात. 

त्यानंतर काही महिन्यांनी सुरेखाताई गेल्या.

सुरेखाताई आमच्याच विंगच्या तळमजल्यावर राहायच्या. नवरा दत्ताभाऊ रिक्षा चालवतो. त्या वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिथे आग लागली. मागचं दार बाहेरून बंद होतं, कारण मालकाला माल चोरीला जाईल अशी भीती होती. आत बायका होत्या. टीव्हीवर खाली सरकणाऱ्या पट्टीत ही बातमी एकदा दिसली, मग क्रिकेटचा स्कोअर आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलमधून त्यांना घरी आणायचं होतं. आणि त्याच संध्याकाळी दादूशेठचा वाढदिवस होता. मिरवणूक आमच्या गेटवरून, म्हणजे सुरेखाताईंच्या खिडकीसमोरून जाणार. दुपारीच डीजेचा ट्रक येऊन गेटसमोर उभा राहिला होता. वर दादूशेठचा बॅनर. बाजूच्या खांबावर दुसरा बॅनर, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यातही दादूशेठच मोठे.

मी ट्रकजवळ गेले. डीजेवाला बंटी मला शाळेपासून ओळखतो. वायरी जोडत होता.

"बंटी, आज इकडून नको रे. संध्याकाळी आणतायत तिला."

"माहितीय ना ताई. शेठला पण लय वाईट वाटलंय. पण परमिशन ह्याच रूटची आहे. आणि आम्ही असं डायरेक्ट नाय वाजवणार. पहिला श्रद्धांजलीचा ट्रॅक. दोन मिनिटं. मग बर्थडेचं."

"कसला ट्रॅक?"

"रेडी असतो ना आपल्याकडे. कोणपण गेलं तरी चालतो. फक्त नाव टाकायचं." मग त्याने आवाज खाली आणला. "तेच विचारायचं होतं तुला. ते सुरेखा बीटवर बसत नाय ग. 'रेखाताई' केलं तर चालेल का? रेखाताई मस्त बसतं."

तो टिंगल करत नव्हता. खरंच विचारत होता, शिंप्याने बाही थोडी आखूड चालेल का विचारावं तसं. मला शिवी सुचली. मी तशीच जिना चढून काकांकडे गेले.

"काका, सारंगी लावा."

"कोण गेलं?"

"माहितीय तुम्हाला."

काकांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. "राष्ट्रीय नाही ते," ते हळू म्हणाले.

"बाहेरून कडी लावून बायका जाळल्या. हे राष्ट्रीय नाही?"

"ते पत्रकात लिही. चांगलं लिहिशील. सारंगीचं तसं नाही. आज तळमजल्याला लावली, तर उद्या दुसरा मजला म्हणेल आमच्या आजोबांना लावा. मग तो दुखवटा राहत नाही. बँडवाल्यासारखं होतं, बोलवाल तिथे वाजवा. आणि लोक विचारतील कोण गेलं. मी त्यांना काय सांगू? आजवर मी खोटं वाजवलेलं नाही."

"मग राहू दे. खाली ट्रॅक आहेच. रेखाताईच्या नावाने लावणारेत."

"कोण रेखा?"

"सुरेखाताई. नाव बीटवर बसत नाही म्हणून 'सु' काढला."

काका चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवला नाही. "नाव कापलं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि रागाने निघाले. दार मी आपटलं. ते आपटायलाच हवं होतं.

दिवे लागायच्या सुमाराला मिरवणूक आली. पोरांच्या डोक्याला भगवे-गुलाबी फेटे, दादूशेठ उघड्या जीपमध्ये, गळ्यात क्रेनने चढवलेला हार. मी, दत्ताभाऊ आणि शेजारच्या चार बायका गेटच्या आत उभे होतो. रुग्णवाहिका पुलाजवळ पोचल्याचा फोन आला होता. ट्रकवरून बंटीचा आवाज आला, "चेक, चेक."

आणि वरून सारंगी सुरू झाली.

बंटीचा हात बटणावरच राहिला. त्याने वर गॅलरीकडे बघितलं, मग जीपकडे. "शेठ, म्हातारा लागला."

"कोण गेलं?" दादूशेठने विचारलं.

पोरांनी मोबाइल काढले. कोणाच्याच मोबाइलवर काही नव्हतं.

"काय नाय शेठ. काहीच आलं नाय अजून."

"अरे येईल. याच्याकडे पहिलं येतं." दादूशेठचा चेहरा उतरला. पक्षाचं कोणी बडं माणूस गेलं आणि त्याच मिनिटाला आपण केक कापताना कुणाच्या व्हिडिओत सापडलो, तर तिकीट संपलं, एवढं राजकारण त्यांना येतं. "बंद कर. आधी लाइटी बंद कर. फेटे काढा रे. केक आत घे तो. हार कोण उतरवतंय?"

हार उतरवायला क्रेन नव्हती. चौघांनी मिळून त्यातून दादूशेठना बाहेर काढलं. सगळे रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीने उभे राहिले, फेटे हातात, माना खाली. कोणासाठी ते माहीत नव्हतं. एकाने स्टेटसला काळा चौकोनही टाकला; नाव नंतर टाकता येईल.

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. त्या दोन ओळींच्या मधून हळू पुढे सरकली. कुणी हलेना. आमच्या वॉर्डात मी एवढी शांतता कधी ऐकली नव्हती, आणि तिच्यात फक्त सारंगी. दत्ताभाऊने दोन्ही बाजूंच्या उघड्या डोक्यांकडे बघितलं. मग एवढा वेळ ताठ उभा असलेला तो माणूस गेटला धरून रडायला लागला.

सुरेखाताईंना आत नेल्यावर बंटी माझ्यामागे जिना चढून आला. दार उघडंच होतं. काका पांढऱ्या सदऱ्यात टेपजवळ बसले होते.

"काका, कोण गेलं ओ? शेठ विचारतायत. पोस्ट बनवायचीय."

"मोठं माणूस."

"दिल्लीतलं?"

"इथलं."

बंटीने पाठ वळवली, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. तळमजल्यावरून बायकांचं रडणं येत होतं. तो मूर्ख नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "शेठला सांगतो," म्हणाला, "कन्फर्म व्हायचंय अजून." आणि गेला.

मी काकांसमोर बसले. 

"खोटं बोललो का मी?" काकांनी विचारलं.

"नाही."

"माझ्या हातून पहिल्यांदाच झालं. प्रतीत बसत नसताना." मग ते गॅलरीकडे बघत, जरा लाजल्यासारखे बोलायला लागले. "आम्ही मोहन्याला राहायचो. रेयॉनच्या कारखान्याच्या चाळींत. वडील तिथेच होते. मी दुसरीत असेन, आई गेली. ताप झाला होता. सकाळी गेली आणि थोड्याच वेळात शेजारच्या रेडिओवर सारंगी लागली. मग पलीकडच्या. मग सगळ्याच घरांत. शाळेला सुट्टी दिली. कारखान्याच्या फाटकावरचा झेंडा खाली आणला. मी बघत होतो ना, समोरच होतं. बाया नळावर रडत होत्या. आमच्या घराकडे कधी न येणारी माणसं रस्त्यात उभी होती, मान खाली घालून."

मला कळायला लागलं होतं. 

"मला वाटलं, आईसाठीच. मला अभिमान वाटला ग. म्हणजे रडू येत होतं, पण वाटलं, एवढी मोठी होती आणि मला कोणी सांगितलंच नाही. घरात तर नुसत्या भाकऱ्या भाजायची. पुढे एक दिवस रेडिओवर परत सिनेमाची गाणी लागली. मी वडिलांना विचारलं, आईचं संपलं का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. हो म्हणाले. एवढंच. त्यांनी मला आयुष्यात कधी सांगितलं नाही."

"मग कळलं कसं?"

"इतिहासाच्या पुस्तकात. तारीख आईची होती आणि नाव दुसऱ्याचं."

कॅसेटमध्ये मध्येच खरखर होत होती. काकांनी टेपवर हलकी थाप मारली, ती थांबली.

"राग आला असेल," मी म्हटलं.

"कोणाचा? त्यांचंही झालं, आमचंही झालं. एकाच सारंगीत." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी नंतर विचार करायचो, एवढा मोठा देश, त्या दिवशी आणखी कितीतरी घरांत कोण कोण गेलं असेल. त्यांच्या पोरांनाही वाटलं असेल की आपल्यासाठीच. आता त्यांना काय ऐकू येतं? म्हणून मी लावतो. मोठ्यांचं फक्त निमित्त. पण हे सांगितलं तर लोक हसतात. कँटीनमध्ये एकदा सांगितलं होतं."

मी हसले नाही. माझ्याकडे लिहून तयार असलेली दोन-तीन वाक्यं होती, बंद दाराबद्दल, मालकाबद्दल. ती मी उद्यासाठी ठेवली. तीही लिहायचीच आहेत, आणि त्यात बाईंचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या आणि गावाच्या नावासकट, जाणार आहे. काकांना ते पटो न पटो.

खाली ट्रकचे दिवे अजून बंद होते. दादूशेठ जीपच्या पायरीवर बसून मोबाइलकडे बघत होते. पोरं कुजबुजत होती. बंटी त्यांना काहीतरी सांगून थोपवून धरत असावा.

टेप खट्‌कन थांबली. एक बाजू संपली होती.

काका उठायला लागले, पण गुडघ्याने साथ दिली नाही, तसे परत बसले. "तिच्या माहेरची माणसं मुरबाडहून निघालीत ना? पोचायला वेळ लागेल त्यांना," ते म्हणाले. "उलटी करून लाव."

मी कॅसेट काढली, उलटी केली आणि लावली.